टॉवर नसताना निरोप वाट कशी काढतो? जागेवरून चालणाऱ्या नेटवर्कची गोष्ट

मोबाइलवरून शेजारच्या खोलीतल्या माणसाला मेसेज पाठवला, तरी तो आधी टॉवरकडे जातो, कंपनीच्या यंत्रणेतून फिरतो आणि मग एखाद्या टॉवरवरून त्या माणसाच्या फोनवर उतरतो. दोन फोनांमध्ये दहा फुटांचं अंतर असलं तरी मधली सगळी यंत्रणा चालू असावी लागते. भूकंपात किंवा पुरात टॉवरची वीज गेली, की हातात चालू फोन असलेली हजारो माणसं एकमेकांना हाक मारू शकत नाहीत. खरं तर प्रत्येक फोनमध्ये रेडिओ आहेच, आणि मोकळ्या जागेत शंभरेक मीटरवरच्या दुसऱ्या रेडिओशी तो थेट बोलू शकतो. मग या रेडिओंनीच एकमेकांचे निरोप हातोहात पुढे नेले तर?

अशा जाळ्याला मोबाइल ॲड हॉक नेटवर्क म्हणतात. इथे टॉवर नाही, मध्यवर्ती राउटर नाही, सगळ्यांवर देखरेख करणारं कुणी नाही. जाळ्यातलं प्रत्येक यंत्र, म्हणजे नोड, स्वतःचे निरोप पाठवतं, स्वतःसाठी आलेले घेतं आणि इतरांचे पुढे देतं. नोड म्हणजे फोन असेल, बचाव पथकाजवळचा रेडिओ असेल, गाडी असेल किंवा ड्रोन. कल्पना नवी नाही. अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेने १९७० च्या दशकातच पॅकेट रेडिओचे, म्हणजे निरोपाचे छोटे तुकडे करून ते रेडिओवरून पाठवण्याचे, प्रयोग सुरू केले होते. रेडिओ एकमेकांशी बोलू शकतात हे तेव्हाच दिसलं होतं. खरा पेच वाटेचा होता: निरोप द्यायचा आहे तो नोड दहा टप्पे दूर आहे, तर पहिला टप्पा कोणता?

तारांच्या नेटवर्कमध्ये राउटर जागचे हलत नाहीत, म्हणून कुठे जायला कुठून वळायचं याचे तक्ते ते बनवून ठेवू शकतात. ॲड हॉक नेटवर्कमध्ये सगळेच चालते-फिरते. आत्ता जोडलेले दोन नोड पाच सेकंदांनी एकमेकांच्या पल्ल्याबाहेर गेलेले असतात. यावर सुरुवातीला दोन प्रकारचे उपाय निघाले. एक म्हणजे तक्ते तसेच ठेवायचे, पण सतत ताजे करत राहायचे. १९९४ मधली डीएसडीव्ही ही पद्धत त्यातली. दुसरा म्हणजे गरज पडेल तेव्हाच वाट शोधायची. २००३ मध्ये आरएफसी, म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक पद्धतींचा जाहीर दस्तऐवज, म्हणून प्रसिद्ध झालेली एओडीव्ही तशी आहे. तिच्यात पाठवणारा नोड 'अमुक कुठे आहे?' असं सगळ्या शेजाऱ्यांना विचारतो, ते त्यांच्या शेजाऱ्यांना विचारतात, आणि प्रश्न पसरत पसरत योग्य नोडपर्यंत पोहोचतो. उत्तर त्याच वाटेने परत येतं आणि मग निरोप निघतो.

पन्नास नोडांत हे छान चालतं. हजार नोडांत एका प्रश्नासाठी जवळपास हजार प्रक्षेपणं होतात, आणि रेडिओची हवा तर सगळ्यांना मिळून एकच आहे. एकाच वेळी अनेक जण बोलले की संदेश एकमेकांवर आदळतात आणि कुणालाच काही नीट ऐकू येत नाही. १९९९ मध्ये तैवानच्या संशोधकांनी हा प्रकार मोजून दाखवला आणि त्याला ब्रॉडकास्ट स्टॉर्म हे नाव दिलं. त्यात भर म्हणजे एवढा खटाटोप करून सापडलेली वाट काही सेकंदांत तुटते आणि शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

दोन्ही उपायांत एक गृहीतक दडलेलं आहे: निरोप निघण्याआधी किंवा निघताना संपूर्ण वाट कुणाला तरी माहीत असली पाहिजे. जागेवरून चालणारी पद्धत हेच गृहीतक सोडून देते.

फक्त शेजारी आणि दिशा

समजा प्रत्येक नोडला आपण स्वतः कुठे आहोत हे जीपीएसमुळे माहीत आहे. दर सेकंदाला तो 'मी इथे आहे' असा छोटा संदेश हवेत सोडतो. या संदेशाला बीकन म्हणतात. बीकन ऐकून प्रत्येकाला आपले शेजारी कोण आणि ते कुठे आहेत हे कळतं. बास, एवढीच माहिती लागते. ज्याला निरोप द्यायचा त्याची जागा निरोपाच्या माथ्यावर लिहायची. निरोप ज्याच्या हातात येईल त्याने आपल्या शेजाऱ्यांपैकी त्या जागेला सर्वांत जवळ असलेल्याकडे तो सोपवायचा. त्यानेही तेच करायचं.

आकड्यांत पाहू. रेडिओचा पल्ला २५० मीटर आहे. मी मुक्कामापासून, म्हणजे निरोप जिथे पोहोचवायचा त्या जागेपासून, १००० मीटरवर आहे आणि माझे तीन शेजारी मुक्कामापासून ९५०, ८२० आणि ७९० मीटरवर आहेत. निरोप ७९० वाल्याकडे जातो. त्याचा एक शेजारी ५६० वर आहे, निरोप त्याच्याकडे. पुढचा ३३०, त्यापुढचा १२०, आणि पाचव्या उडीत निरोप मुक्कामी. संपूर्ण वाट यातल्या कुणालाच माहीत नव्हती, आणि निरोप गेल्यावर ती कुणाला लक्षातही ठेवावी लागत नाही. पुढच्या क्षणी यातला एखादा नोड निघून गेला तर दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलंच नसतं. पुढचा निरोप त्या वेळी जे शेजारी असतील त्यांच्यातून जाईल.

आणखी एक गुण सहज नजरेतून सुटतो. प्रत्येक उडीत मुक्कामापर्यंतचं अंतर घटतंच, त्यामुळे निरोप वाटेत असताना मुक्काम आणि नोड हलले नाहीत तर एकदा सोडलेल्या नोडवर निरोप परत येऊच शकत नाही. निरोप गोल गोल फिरत राहणं हा रूटिंगमधला, म्हणजे वाट ठरवण्याच्या कामातला, फार जुना आणि त्रासदायक रोग आहे. इथे तो साध्या भूमितीनेच टळतो, वेगळी काळजी घ्यावी लागत नाही. मला या पद्धतीचं सर्वांत मोठं सौंदर्य यातच दिसतं.

या विचाराची मुळं १९८४ मध्ये सापडतात. हिदेआकी ताकागी आणि लिओनार्ड क्लाइनरॉक यांनी तेव्हा मुक्कामाच्या दिशेने सर्वांत जास्त पुढे नेणारा शेजारी निवडण्याचा विचार मांडला. १९८७ मध्ये ग्रेगरी फिन यांनी अंतर घटवत जाण्याची पद्धत मांडली. मात्र खिशात मावणारा जीपीएस तेव्हा नव्हता. पुढे जीपीएस आला, तरी नागरी वापरासाठीच्या संकेतात अमेरिका मुद्दाम चूक मिसळत असे आणि जागा १०० मीटरपर्यंत चुकू शकत असे. पल्ला २५० आणि चूक १०० असली, तर कोणता शेजारी खरोखर पुढे आहे हे सांगणं अवघड. मे २००० मध्ये ती चूक मिसळणं थांबलं. या विषयातले बरेचसे महत्त्वाचे शोधनिबंध १९९७ ते २००० या काळातले आहेत.

निरोप अडकतो तेव्हा

आता या पद्धतीची दुखरी बाजू. निरोप माझ्या हातात आहे, मी मुक्कामापासून ४०० मीटरवर आहे आणि माझे दोनच शेजारी आहेत, एक ४३० वर आणि दुसरा ४५० वर. दोघेही माझ्यापेक्षा लांब. समोर तलाव असेल, मोठं मैदान असेल किंवा तिथे कुणी नसेलच. नियम सांगतो की जवळच्याला दे, आणि जवळ तर मीच आहे. निरोप इथे थिजतो. प्रत्यक्षात ४३० वाल्याकडून वळसा घालून वाट असू शकते, पण वळसा म्हणजे आधी लांब जाणं, आणि नियमाला ते मंजूर नाही.

चक्रव्यूहात अडकलेल्याला एक जुना उपाय सांगतात: उजवा हात भिंतीला लाव आणि हात न उचलता चालत राहा. नोडांच्या जाळ्यातही पोकळीच्या कडेकडेने असंच जाता येतं. ज्या दुव्यावरून, म्हणजे दोन नोडांमधल्या थेट जोडणीवरून, निरोप आला, तिथून घड्याळाच्या उलट दिशेने फिरत गेल्यावर जो पहिला दुवा लागेल त्यावरून पुढे जायचं. पण चक्रव्यूहाच्या भिंती एकमेकींना छेदत नाहीत, रेडिओचे दुवे मात्र छेदतात. चार नोड चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर असतील तर दोन्ही कर्ण जोडलेले असू शकतात, आणि छेदणारे दुवे आले की उजव्या हाताचा नियम भरकटतो.

म्हणून आधी जाळं विरळ करायचं, असं की उरलेले दुवे एकमेकांना छेदणार नाहीत, पण जाळं तुटणारही नाही. तेही प्रत्येक नोडने स्वतःपुरतं, कुणालाही न विचारता. हे अशक्य वाटतं, पण त्याला एक साधी कसोटी आहे. माझ्यात आणि शेजाऱ्यात सरळ रेघ ओढा आणि ती रेघ व्यास धरून वर्तुळ काढा. त्या वर्तुळात तिसरा नोड असेल तर हा दुवा वापरायचा नाही, नसेल तर ठेवायचा. अशा तऱ्हेने उरणाऱ्या आकृतीला गॅब्रिएल आलेख म्हणतात. वर्तुळातला तो तिसरा नोड माझ्यापासून त्या शेजाऱ्यापेक्षा जवळच असणार, म्हणजे त्याचा बीकन मला ऐकू येणारच. त्यामुळे कसोटीसाठी लागणारी सगळी माहिती माझ्यापाशी आधीपासून आहे. छेदणारे दुवे यातून उरत नाहीत आणि जाळं एकसंध राहतं, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे.

१९९९ मध्ये बोस, मोरिन, स्टोइमेनोविच आणि उरुतिया यांनी या पायावर 'वाट असेल तर निरोप पोहोचणारच' अशी हमी देणारी पद्धत मांडली. २००० मध्ये ब्रॅड कार्प आणि एच. टी. कुंग यांनी जीपीएसआर या नावाने तिची व्यवहारात बसेल अशी रचना केली आणि मोठ्या जाळ्यांत ती कशी वागते हे संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये तपासलं. जमेल तोवर अंतर घटवत जायचं. अडकलो की अडकलेली जागा निरोपावर लिहून ठेवायची आणि कडेकडेने निघायचं. त्या जागेपेक्षा मुक्कामाच्या जवळ असलेला नोड भेटला की पुन्हा नेहमीची चाल. कडेची प्रदक्षिणा पूर्ण होऊन निरोप पहिल्याच दुव्यावर त्याच दिशेने परत आला, तर वाट नाही असं समजून तो सोडून द्यायचा.

ही हमी मात्र कागदावरची आहे. ती गृहीत धरते की पल्ला नेमका वर्तुळाकार असतो: २४९ मीटरवरचा ऐकतो आणि २५१ वरचा ऐकत नाही. खऱ्या रेडिओचं तसं नसतं. मध्ये भिंत आली तर ५० मीटरवरही ऐकू येत नाही, आणि मोकळ्यावर कधी ४०० मीटरवरूनही येतं. जागेच्या मापातली चूक वेगळीच. मग वर्तुळातला तिसरा नोड मला दिसतो पण शेजाऱ्याला दिसत नाही, एक जण दुवा काढतो, दुसरा ठेवतो, आणि सगळी शिस्त मोडते. २००५ मध्ये खुद्द कार्प यांच्या सहभागाने झालेल्या कामात हा दोष मान्य करून त्यावर उपाय दिला गेला. त्यात प्रत्येक दुव्यावरून चाचणीचा संदेश फिरवून, तो दुवा दुसऱ्या कुठल्या दुव्याला खरोखर छेदतो का हे तपासतात. उपाय चालतो, पण फक्त शेजाऱ्यांवर भागवण्याचा मूळचा साधेपणा थोडा हरवतो. सिम्युलेशनमधले निकाल वाचताना पल्ला वर्तुळाकार धरला होता का, हे मी आधी पाहतो.

दुसरी अडचण शिळ्या माहितीची. समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्या प्रत्येकी ताशी ९० किलोमीटरने धावत असतील, तर त्यांच्यातलं अंतर सेकंदाला ५० मीटरने बदलतं. सेकंदाभरापूर्वी ऐकलेला बीकन म्हणजे ५० मीटरची चूक. आणि आपला नियम मुद्दाम सर्वांत पुढचा शेजारी निवडतो, म्हणजे बहुधा पल्ल्याच्या काठावरचा, म्हणजेच हातातून निसटण्याची शक्यता सर्वांत जास्त असलेला. बीकन जास्त वेळा पाठवावेत, तर हवा त्यांनीच भरून जाते.

पण तो आहे कुठे?

एवढं सगळं होताना एक प्रश्न आपण बाजूला ठेवला. निरोपाच्या माथ्यावर मुक्कामाची जागा लिहायची म्हटलं, पण ती पाठवणाऱ्याला कळली कशी? माझी जागा मला जीपीएस सांगतो. किलोमीटरभर दूर फिरणाऱ्याची जागा मला कोण सांगणार? माझ्या मते या विषयातली सर्वांत कठीण गाठ हीच आहे, आणि बरेच लेख तिला एका ओळीत उरकतात. वाट शोधण्याचं ओझं आपण उतरवलं खरं, पण त्यातलं बरंचसं माणूस शोधण्यावर जाऊन पडलं.

१९९८ मध्ये यावर दोन वेगळे विचार आले. यंग-बे को आणि नितीन वैद्य यांच्या एलएआर पद्धतीत जुनी जागाही उपयोगी ठरते. तुम्ही ३० सेकंदांपूर्वी कुठे होता हे मला माहीत आहे आणि तुमचा वेग जास्तीत जास्त सेकंदाला १० मीटर आहे, तर आत्ता तुम्ही त्या जागेभोवतीच्या ३०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात असणार. मग 'तुम्ही कुठे आहात?' हा प्रश्न सगळ्या जाळ्यात पसरवायची गरज नाही. मी आणि ते वर्तुळ मावेल एवढ्या आयतातल्या नोडांनीच तो पुढे द्यायचा, बाकीच्यांनी गप्प राहायचं. प्रश्न पसरतो, पण आवरून.

दुसरा विचार ड्रीम या पद्धतीचा. लांबची गोष्ट हळू हलताना दिसते. माझ्यापासून ५० मीटरवरचा नोड ५० मीटर सरकला तर माझ्या दृष्टीने त्याची दिशा पार बदलते; ५ किलोमीटरवरचा तेवढाच सरकला तर दिशेत फरक जेमतेम अर्ध्या अंशाचा. म्हणून प्रत्येकाने आपली नवी जागा जवळच्यांना वारंवार आणि लांबच्यांना क्वचित कळवावी. लांबच्याकडची माहिती ढोबळ असली तरी निरोप योग्य दिशेला निघतो, आणि तो जसजसा जवळ जातो तसतशी वाटेतल्यांकडची माहिती बारीक होत जाते.

२००० मध्ये एमआयटीतल्या संशोधकांनी याच सूत्राला जास्त शिस्तीचं रूप दिलं. सगळा प्रदेश चौकोनांत वाटला, चार लहान चौकोनांचा एक मोठा, तशा चार मोठ्यांचा आणखी मोठा. प्रत्येक पातळीवर आपल्या चौकोनाच्या तीन भावंड-चौकोनांत एकेक नोड आपली जागा सांभाळणारा असतो. तो कोण, हे ओळख-क्रमांकांवरून ठरतं, नेमणूक कुणी करत नाही. त्यामुळे आपल्याला ओळखणारे जवळपास दाट आणि लांबवर विरळ पसरतात. जवळच्याने चौकशी केली तर ती जवळच मिटते. माणसं फार वेगाने चौकोन ओलांडू लागली, की मात्र नोंदी ताज्या ठेवण्यातच बरीच शक्ती जाते.

निरोप माणसासाठी नव्हे, जागेसाठी

एक परिस्थिती अशी आहे की हा सगळा शोध घ्यावाच लागत नाही. वळणापलीकडे गाडी उलटली आहे आणि मागून येणाऱ्यांना सावध करायचं आहे. ते कोण आहेत, किती आहेत, हे मला माहीत नाही आणि माहीत असण्याची गरजही नाही. मागच्या अर्ध्या किलोमीटरच्या रस्त्यावर जो कुणी असेल त्याला निरोप मिळाला पाहिजे. मुक्काम म्हणजे थेट ती जागाच. याला जिओकास्ट म्हणतात. १९९७ मध्ये नवास आणि इमिएलिन्स्की यांनी ही कल्पना इंटरनेटसाठी मांडली, आणि दोनच वर्षांनी को आणि वैद्य यांनी ती ॲड हॉक नेटवर्कमध्ये आणली. जागेवरून चालणाऱ्या या विद्येचं खरं घर मला इथे दिसतं. तिच्या अंगभूत गुणांना इथे पूर्ण वाव मिळतो आणि सर्वांत अवघड प्रश्न उद्भवतच नाही.

युरोपच्या एत्सी या मानक संस्थेने गाड्यांसाठी जिओनेटवर्किंग नावाचं मानक तयार केलं, ते याच धर्तीवर. रेडिओ ५.९ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. गाडी आपली जागा, वेग आणि दिशा सेकंदाला १ ते १० वेळा जाहीर करते. इशारा पाठवताना क्षेत्र सांगायचं, वर्तुळ, आयत किंवा लंबवर्तुळ, आणि तो किती वेळ लागू आहे तेही. क्षेत्राबाहेरच्या गाड्या तो क्षेत्राच्या दिशेने सरकवतात, आतल्या गाड्या तो सगळीकडे पोहोचवतात.

शिळ्या शेजाऱ्यांची अडचण सोडवायलाही इथे एक छान युक्ती वापरता येते. पाठवणाऱ्याने पुढचा नोड निवडायचाच नाही. निरोप नुसता हवेत सोडायचा. ऐकणारा प्रत्येक जण पाठवणाऱ्यापासूनचं आपलं अंतर मोजतो आणि तेवढ्यावरून थांबण्याचा वेळ ठरवतो, लांब असेल तर कमी, जवळ असेल तर जास्त. समजा पल्ला ५०० मीटर आणि जास्तीत जास्त थांबा १०० मिलिसेकंद. मग ४५० मीटरवरची गाडी १० मिलिसेकंद थांबेल आणि २०० मीटरवरची ६०. दहा मिलिसेकंदांनी लांबची गाडी निरोप पुढे सोडते, तो ऐकून बाकीच्या आपला बेत रद्द करतात. जी गाडी आता तिथे नाही ती स्पर्धेतच नसते, म्हणून चुकीच्या शेजाऱ्याला निवडण्याचा प्रश्न मिटतो. मध्ये इमारत असल्यामुळे दोन गाड्यांना एकमेकींचं ऐकू आलं नाही, तर निरोप दोनदा जातो, तेवढं चालतं. पुढे कुणीच नसेल तर गाडी निरोप सांभाळून ठेवते आणि कुणी भेटल्यावर देते.

राहिला विश्वासाचा प्रश्न. सगळी पद्धत 'मी इथे आहे' या विधानावर उभी आहे. एखाद्या नोडने खोटी जागा सांगितली, की त्या बाजूच्या मुक्कामांच्या वाटेवर तोच सर्वांत जवळ असल्याचं भासवून आसपासचे निरोप गिळू शकतो. म्हणून गाड्यांच्या संदेशांवर डिजिटल सही असते, आणि सांगितलेली जागा संभवते का, म्हणजे संदेश ऐकू आला त्या अंतरात बसते का, हेही तपासता येतं. पण खरं बोलण्याचीही किंमत आहे. दर सेकंदाला आपली जागा मोकळ्या हवेत जाहीर करणारी गाडी कुठून कुठे गेली, हे रस्त्याकडेला रेडिओ लावून बसलेला कुणीही लिहून ठेवू शकतो. यासाठी सहीमागची ओळख टोपणनावाची ठेवतात आणि ती अधूनमधून बदलतात. टोपणनाव बदललं की नेटवर्कमधला पत्ताही बदलावा लागतो, नाहीतर जुनं आणि नवं नाव पत्त्यावरून जुळवता येईल. आणि पत्ता बदलला की शेजाऱ्यांच्या यादीत तीच गाडी काही काळ दोनदा दिसते, एकदा नव्या पत्त्यावर आणि एकदा जुन्यावर. जुन्या पत्त्यावर निवडून पाठवलेले निरोप, ती नोंद कालबाह्य होईपर्यंत, वाया जातात.